दोघांत एक हात

बाळांनो, पुढची दोन वाक्यं वाचलीत की पुस्तक क्षणभर बाजूला ठेवा. आपला उजवा हात टेबलावर पालथा ठेवा आणि डाव्या हाताने त्याच्या कोपराखालचा मांसल भाग हलकेच पकडा. आता उजव्या हाताचं एकेक बोट उचलून टेबलावर आपटा.

कोपराखाली काहीतरी वळवळलं ना? बोट हललं इथे आणि ओढणारा सापडला तिथे. विहिरीत बादली खालीवर होते, पण दोर ओढणारा वर काठावर उभा असतो, तसंच हे. बोट म्हणजे नुसती बादली. ओढणारे स्नायू कोपराजवळ असतात आणि त्यांचे दोर, ज्यांना आपण कंडरा म्हणतो, मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. चुकीच्या खुर्चीत, चुकीच्या कीबोर्डवर माणूस वर्षानुवर्षं काम करतो तेव्हा हे दोर त्या बोगद्यात घासतात, सुजतात आणि मग हात दुखतो.

आता अशी कल्पना करा, की तुमची मुलं आज तुम्ही आहात एवढी झाली आहेत. कृष्णाकाठी उसाचा हंगाम चालू आहे. फडात ऊस तोडणारं यंत्र चालतंय, पण त्यावर माणूस नाही. यंत्राच्या डोक्यावर कॅमेरा आहे आणि चालक आपल्या घरी, लुंगी नेसून, कॉम्प्युटरसमोर बसला आहे. डाव्या हाताच्या बटणांनी तो यंत्र वळवतो, उजव्या हाताने वेग आणि पात्याची उंची सांभाळतो. पाचोळा आणि धुरळा इतका उडतो की यंत्राला स्वतःला धड काही दिसत नाही, म्हणून कारखान्याला माणसाचे डोळे लागतात. यंत्र कारखान्याचं. कॉम्प्युटर, खुर्ची आणि कीबोर्ड मात्र ज्याचा त्याने आणायचा.

आष्ट्याच्या धैर्यशील मगदूमकडे असं यंत्र चालवायचं लायसन होतं. त्याची मुलगी कार्तिकी सहावीत होती. कीबोर्ड घ्यायला धैर्यशील आणि त्याचा धाकटा भाऊ संग्राम सांगलीला निघाले तेव्हा तीही सोबत गेली, कारण घरातला कॉम्प्युटर जोडायचं, बिघडला तर उघडून बघायचं काम तिचंच होतं.

गाडीत भावांचं काचेवरून वाजलं. एकाला काच वर हवी होती, एकाला खाली. दुकानात पोचेपर्यंत दोघांचीही तोंडं फुगलेली.

दुकानदार इरफान बागवान यांनी कीबोर्ड दाखवायच्या आधी दोघांना आळीपाळीने खुर्चीत बसवलं. लोक आधी कीबोर्ड घेतात आणि मग त्याला खुर्ची शोधतात, ते उलटं आहे, असं त्यांचं म्हणणं. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, कोपर काटकोनात, मनगट सरळ, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. धैर्यशील उंच, संग्राम बुटका. एकाला जमेल तेवढी खुर्ची वर केली की दुसऱ्याचे पाय हवेत लोंबायचे.

धैर्यशीलला जुन्या पद्धतीचा, कडक बटणांचा, खटखट वाजणारा कीबोर्ड हवा होता. बटण दाबलं की हाताला कळलं पाहिजे, असं तो म्हणाला. संग्राम हसला आणि म्हणाला, बैलगाडीचं चाकही वाजतं, ते आणून बसव टेबलावर. त्याला करपल्लवी हवी होती, नव्या जातीचा मऊ कीबोर्ड. तेव्हा सगळीकडे तिचंच नाव होतं.

बागवानांनी करपल्लवी पुढे ठेवली. धैर्यशीलने नाखुशीनेच हात ठेवला. बोट टेकायच्या आत बटण लोण्यासारखं खाली गेलं. ते त्याला आवडलं आणि आवडलं याचाच त्याला राग आला.

"चालवणार कोण?" बागवानांनी विचारलं.

"मी," दोघंही म्हणाले.

"मग दोन घ्या. करपल्लवी एकाच माणसाची असते."

"आम्ही एका घरात राहतो, शेठ. एका ताटात जेवतो."

"एका ताटात जेवता म्हणून दातांचा ब्रशही एकच वापरता का?"

"तुम्हाला विकायचंय का शिकवायचंय?" संग्रामने विचारलं.

"दोन्ही. शिकवायचे पैसे घेत नाही," बागवान म्हणाले आणि त्यांनी खोकं बांधायला घेतलं.

दोन का घेता येत नव्हत्या, ते कार्तिकीला ठाऊक होतं. लायसन एकट्या धैर्यशीलचं. संग्राम त्या परीक्षेत नापास झाला होता आणि परीक्षा घेणारेच गाढव होते असं म्हणून पुन्हा बसायला तयार नव्हता. पण कारखाना काम त्यालाच द्यायचा जो यंत्र दिवसभर बंद पडू देत नाही, आणि एकटा माणूस सगळा हंगाम तसा बसू शकत नाही. म्हणून भावांनी ठरवलं होतं, लायसन एकाचं, पाळ्या दोघांच्या. भावाभावांत काय वेगळं?

ही करपल्लवी चालायची कशी, ते समजून घेऊ या. बोट हलायच्या किंचित आधी मेंदूचा निरोप मज्जातंतूंमधून स्नायूंपर्यंत पोचतो. तो निरोप विजेचा असतो आणि स्नायू त्यावर अगदी बारीक कुजबुजतात. करपल्लवीच्या मनगटाखालच्या पट्टीत ही कुजबुज ऐकणारे कान होते. कोणतं बोट येणार हे तिला बोटाच्या आधी कळायचं. प्रत्येक बटणाखाली लोहचूर्ण मिसळलेल्या तेलाचा थेंब होता. चुंबक कमीजास्त केला की तो थेंब दाट किंवा पातळ व्हायचा. ज्या बटणाकडे बोट निघालं ते ती आधीच मऊ करून ठेवायची, म्हणजे मनगटातल्या दोरांना ओढ पडायची नाही. आणि हात पुरता ओळखीचा झाला की ती बोटाची वाटही बघायची नाही. कुजबुज ऐकूनच हुकूम पुढे पाठवायची.

म्हणून ती आधी माणसाचा हात शिकायची. सुरुवातीचे काही दिवस चालकाने तिच्यावर सराव करायचा. त्यातून ती त्या हाताचं एक चित्र मनात तयार करायची. ते चित्र कारखान्यात नोंदवलं जायचं आणि मग यंत्र फक्त त्याच हाताचं ऐकायचं.

मगदूम बंधूंनी तो सराव आलटून पालटून केला. सकाळी एक बसला, दुपारी दुसरा. करपल्लवीला डोळे नव्हते. तिने दोघांना एक माणूस समजून एक हात शिकून घेतला. तुम्ही कोल्हापुरी चप्पल पाहिली असेल. नवी असताना कडक असते, मग घालणाऱ्याच्या पायासारखी होते. ती दोघांनी आळीपाळीने घातली तर ती दोघांचीही होत नाही. दोघांनाही चावल्याशिवाय राहत नाही.

कार्तिकीची आई स्नेहल हे पहिल्यापासून म्हणत होती. तिचं कुणी ऐकलं नाही. उलट, कारखान्याने हात नोंदवून घेतला त्या दिवशी दोघा भावांनी पेढे वाटले, कारखान्याला कसं बनवलं म्हणून.

हंगाम सुरू झाला आणि चावायला लागलं. धैर्यशीलचा उजवा हात दुखू लागला. तो वेग कमी करायला जायचा तेव्हा बटण कडक लागायचं, कारण संग्राम वेग कधी कमी करतच नसे. संग्रामला डाव्या हाताची बटणं अडखळायची, कारण धैर्यशील सावकाश वळायचा. करपल्लवीचा तिच्या परीने दोघांची सोय करायचा प्रयत्न चालला होता. पण एकालाही तसं वाटलं नाही. दोघांनाही वाटलं, दुसरा मुद्दाम कीबोर्ड बिघडवून ठेवतोय.

मग प्रत्येक पाळीची सुरुवात आदल्याने केलेलं मोडून होऊ लागली. संग्राम खुर्ची खाली करून, स्क्रीन वाकवून, माऊस टेबलाच्या टोकाला सरकवून जायचा. धैर्यशील येऊन सगळं परत करायचा, जरा जास्तच. एकदा त्याने खुर्चीचा दांडा तारेने बांधून टाकला. दुसऱ्या दिवशी ती तार कापून त्याच्या ताटाशेजारी ठेवलेली होती.

हळूहळू भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. एका घरात, एका टेबलावर, एका कीबोर्डवर काम करायचे आणि निरोप कार्तिकीच्या हाती द्यायचे. तुझ्या काकाला सांग, नापास माणसाने निदान बटणं पुसून उठावं. तुझ्या बापाला सांग, लायसन त्याच्या नावावर आहे, ऊस नाही. सुरुवातीला ती निरोपातले काटे काढून पोचवायची. पुढे कंटाळली आणि जसेच्या तसे पोचवू लागली.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. चालकाने दोन्ही तळवे उचलले की यंत्र थांबायचं. हा नियम सुरक्षेसाठी होता. माणूस दचकला, घाबरला, चक्कर येऊन पडला तर त्याचे हात आपोआप सुटतात, म्हणून हात सुटले की यंत्र बंद.

पण संग्रामला तंबाखू मळायची सवय होती. डाव्या तळव्यावर तंबाखू, वर चुना, उजवा अंगठा. म्हणजे दोन्ही हात वर. दर वेळी यंत्र फडात थांबायचं आणि कारखान्याच्या नोंदीत त्याचा खाडा दिसायचा. एका दुपारी कार्तिकी चहा घेऊन गेली तेव्हा काकाच्या तळव्यावर तंबाखू होती आणि स्क्रीनवर करपल्लवीचा एक प्रश्न उमटला होता. चालक वारंवार दोन्ही हात उचलतो आणि थोड्या वेळाने परत ठेवतो, ही सवय शिकू का? खाली दोन शब्द होते, हो आणि नको.

"कार्ते, हो दाब."

"म्हणजे काय होईल, काका?"

"मशीन सारखं थांबणार नाही. दाब की. माझे हात गुंतलेत, दिसत नाही का?"

तिने हो दाबलं.

त्या संध्याकाळी तिला चैन पडेना. कॉम्प्युटर मोकळा होता तेव्हा तिने करपल्लवीने शिकलेल्या सवयी उघडून पाहिल्या. बऱ्याच होत्या. त्यात शेवटी लिहिलं होतं, हात उचलले तरी काम चालू ठेवायचं, आणि हात परत ठेवले की वेग वाढवायचा. तंबाखू तोंडात टाकली की काका पहिलं तेच करायचा, गेलेला वेळ भरून काढायला. कार्तिकीने ती सवय पुसायचा प्रयत्न केला. करपल्लवीने नोंदलेला हात मागितला. मुलीचा हात तिला चालला नाही.

ती बापाकडे गेली. पप्पा, हात उचलले तरी यंत्र थांबणार नाही आता, असं ती सांगू लागली, पण काकाचं आणि तंबाखूचं नाव निघाल्यावर धैर्यशीलने पुढचं ऐकलंच नाही. त्याने तिथूनच आवाज चढवला, की कोण घाण टाकतंय ते आता कळलं, आणि ज्याने घातली ती सवय त्यानेच काढावी, मी हात लावणार नाही. संग्राम आतून तिलाच म्हणाला, तुझ्या बापाला सांग, ती काढली तर दिवसभर थांबत बसायला मी रिकामा नाही. मग त्याने कार्तिकीला चहाड्या करणारी म्हटलं आणि त्या दिवसापासून तिच्या हातचा चहा बंद केला. सवय तशीच राहिली. दोघांनाही ती काढण्यापेक्षा दुसऱ्यावर दोष ठेवणं जास्त सोयीचं होतं.

आमच्याकडे ऊस तुटायला लागला की गावातली माणसं वाढे न्यायला फडात येतात. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. यंत्र ते छाटून बाजूला टाकतं आणि ज्याच्या घरी जनावर आहे त्याने ते उचलून न्यावेत, त्याला कुणी नाही म्हणत नाही. नियम एवढाच, की यंत्राच्या मागे राहायचं.

त्या सकाळी शाळेला सुट्टी होती. पाळी धैर्यशीलची होती आणि कार्तिकी त्याच टेबलाच्या कडेला गणितं सोडवत बसली होती. यंत्र बांधापर्यंत गेलं, वळलं आणि शेजारच्या सरीत शिरलं. आत्तापर्यंत जे त्याच्या मागे होतं ते आता पुढे आलं. धुरळा जरा खाली बसला तेव्हा स्क्रीनवर निळा शर्ट दिसला. साडीवर पुरुषी शर्ट घालून एक बाई वाकून वाढ्यांचा भारा बांधत होती. कार्तिकीने ओळखलं. शेजारच्या गल्लीतल्या सुवर्णाकाकू. त्यांना एका कानाने ऐकू येत नसे.

धैर्यशीलने दोन्ही हात उचलले.

यंत्र थांबलं नाही. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं, जणू ते कुणा दुसऱ्याचे होते. मग त्याने थांबवायच्या बटणासाठी हात खाली आपटले. करपल्लवीने एवढंच ऐकलं, की हात परत आले. तिने तिला शिकवलेलं केलं. यंत्राचा वेग वाढला.

कार्तिकीने टेबलाखाली उडी मारली आणि भिंतीतून वायर उपटली. संपर्क तुटला की यंत्र जागच्या जागी थांबतं, हे तिला माहीत होतं. पण संपर्क तुटला की स्क्रीनही काळी होते. ते दोघं त्या काळ्या स्क्रीनसमोर बसून राहिले. वायर वेळेत निघाली की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. स्नेहल फडाकडे गाडी घेऊन सुटली. तिचा फोन आला तेव्हा कार्तिकीच्या मुठीत वायर तशीच होती.

सुवर्णाकाकू जिवंत होत्या. वाढ्यांचा भारा यंत्रात गेला होता आणि त्याला बांधलेली दोरी काकूंच्या पायात गुंतून पाय ओढून घेऊन गेली होती. पाय मोडला होता, गुडघ्याखाली, वाईट. स्नेहल त्यांना घेऊन दवाखान्यात गेली.

त्यानंतर कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा धैर्यशील आणि संग्राम एकमेकांशी बोलले. आधी भांडले. तुझी तंबाखू, तुझं लायसन, तुझी खुर्ची, तुझा हात. भिंतीवरचं कॅलेंडर पडेपर्यंत. मग कारखान्याच्या पोवारसाहेबांचा फोन आला. साहेब म्हणाले, दुपारी कीबोर्ड तपासायचा आहे, कॉल करतो, जोडून ठेवा. कीबोर्ड निर्दोष निघाला तर चूक त्या बाईची धरावी लागेल. मग दवाखाना तिचा तिने बघायचा आणि पुढच्या हंगामापासून कुठल्याच फडात वाढ्याला माणूस येऊ द्यायचा नाही.

फोन ठेवल्यावर भावांचे आवाज खाली आले. कार्तिकी दारात उभी राहून ऐकत होती. ती बाई पुढे आलीच कशाला, संग्राम म्हणाला. मागे राहायचं तर राहायचं की, धैर्यशील म्हणाला. एकाने वाक्य सुरू करावं आणि दुसऱ्याने संपवावं असं चाललं होतं. हंगामभर एका खुर्चीवरून भांडलेली ही माणसं एका क्षणात एकमताची झाली, आणि हे एकमत कार्तिकीला भांडणापेक्षा वाईट वाटलं.

त्यांनी तिला आत बोलावलं. करपल्लवी कोरी करायची होती, दुकानातून आणली तशी. कसं करायचं ते घरात तिलाच येत होतं.

"काकू तुमच्या मागेच होत्या," कार्तिकी म्हणाली. "यंत्र वळलं म्हणून पुढे आल्या. आणि ते थांबलं नाही. मी बघितलंय."

"तुला कुणी विचारलं का, बघितलंस का म्हणून?" संग्राम म्हणाला.

"साहेबांना खरं सांगा, पप्पा."

"लायसन जाईल," धैर्यशील म्हणाला. "मग काय खाशील, खरं?"

ती हलली नाही. तेव्हा संग्रामने खुर्ची ओढून तिच्यासमोर घेतली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, त्या दिवशी हो कुणी दाबलं होतं? माझे हात तर गुंतले होते. करपल्लवी तपासली तर तेही निघेल ना बाहेर? मग शेजारीपाजारी काय म्हणतील, मगदुमांच्या पोरीने सुवर्णाचा पाय मोडला.

कार्तिकीने बापाकडे पाहिलं. तो याला गप्प बस म्हणेल असं तिला वाटलं होतं. धैर्यशील खिडकीबाहेर बघत राहिला. मग तिच्याकडे न वळताच म्हणाला, बाळ, घरासाठी कर.

ती कॉम्प्युटरसमोर आली. तिने करपल्लवी जोडली आणि कोरी करायचं पान उघडलं. नोंदलेला हात ठेवा, असं स्क्रीनवर आलं. रोजच्या कामात थोडंफार इकडेतिकडे झालेलं करपल्लवी चालवून घ्यायची, पण स्वतःला पुसायची वेळ आली की ती कडक व्हायची. तिच्या मनातल्या चित्राशी हात तंतोतंत जुळावा लागे, नाहीतर कुणीही येऊन कुणाचंही काम पुसून जाईल.

धैर्यशील ऐटीत बसला. दोन्ही तळवे ठेवले. स्क्रीनवर आलं, हा हात ओळखता येत नाही. त्याने पुन्हा ठेवले, घाम पुसून ठेवले. तेच. माझ्या नावावर आहे, तो म्हणाला, कीबोर्डलाच.

"सरक," संग्राम म्हणाला. त्यालाही तेच उत्तर मिळालं. त्याने पट्टीवर एक बुक्की मारली. स्क्रीनच्या कोपऱ्यात अपेक्षित हाताचं चित्र दिसत होतं आणि दोघंही त्याच्याकडे न बघता एकमेकांकडे बघत होते, परत पहिल्यासारखे, की यानेच काहीतरी करून ठेवलंय.

कार्तिकी मात्र चित्राकडे बघत होती. डावा तळवा लांब बोटांचा होता, सावकाश वळणारा. उजवा आखूड आणि घाईचा. उजवा हात दुखायला लागल्यापासून पप्पा तो जेमतेम टेकवायचे, म्हणून उजवीकडे काकाच उरला होता. डावीकडे काका कधी मन लावून बसलाच नाही, म्हणून तिथे पप्पा. करपल्लवीने हंगामभर दोघांना घासून पुसून शेवटी जुळेल असा एक माणूस बनवला होता.

"दोघांनी बसा," ती म्हणाली. "पप्पा डावा हात ठेवा. काका, तू उजवा."

खुर्ची एकाचीच होती. दोघं अर्धे अर्धे तिच्यावर बसले, एकाचा खांदा दुसऱ्याच्या छातीत. संग्रामचा पाय जमिनीला टेकेना, धैर्यशीलचा गुडघा टेबलाला लागला. कोण कुणाला ढकलतंय यावरून पुन्हा दोन शब्द झालेच. मग धैर्यशीलने डावा तळवा पट्टीवर ठेवला आणि संग्रामने उजवा. उरलेले दोन हात कुठे ठेवावेत ते कळेना, तेव्हा ते त्यांनी एकमेकांच्या पाठीमागे धरले.

हात ओळखला, असं स्क्रीनवर आलं. खाली प्रश्न होता, सर्व पुसायचं का?

"हं, दाब लवकर," संग्राम म्हणाला. "हात हलवायचा नाही म्हणतेय ती."

कार्तिकीने माऊस हातात घेतला. खालच्या प्रश्नावरून बाण वर नेला, कोपऱ्यातल्या, कारखान्याला कॉल लावायच्या खुणेवर, आणि दाबलं. स्क्रीनवरचा कॅमेरा उघडला. पलीकडे पोवारसाहेब खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या समोर दोन माणसं एका खुर्चीत चिकटून बसली होती, एकेक हात पुढे करून, आणि त्यांच्याही स्क्रीनवर वर लिहून आलं होतं, हात ओळखला.

धैर्यशीलने तळवा उचलला, पण आता त्याने काही थांबणार नव्हतं.

"साहेब," कार्तिकी म्हणाली, "तुमच्याकडे नोंदलेला हात हा आहे."

काकाने तिला हाताने मागे ढकललं. ती एक पाऊल मागे गेली, आणि मग पुन्हा पुढे आली, त्या दोघांच्या शेजारी, कॅमेऱ्यात आपणही दिसू अशी, आणि तिथेच उभी राहिली.